केंद्रकाला छिद्रं असतातच, मग आतले रेणू आपोआप बाहेर पडतात की पेशी त्यांना ढकलते?

तुमचा प्रश्न असा आहे की केंद्रकाच्या पटलाला छिद्रं आहेतच तर आरएनए आणि प्रथिनं आपोआप बाहेर येतात की पेशी जोर लावून बाहेर काढते. दोन्ही नाही. छिद्रातून जाताना कोणी ढकलत नाही, पण बाहेर आलेला रेणू परत उलट फिरू नये याची सोय पेशी करते, आणि ऊर्जा खर्च होते ती तिथे. मी बीएस्सीच्या मुलांना हा भाग शिकवते तेव्हा इथूनच सुरू करते, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं लागत जातं.

छिद्राबद्दल आधी थोडं. आकृतीत नुसतं भोक दाखवतात, पण ते साधारण ३० प्रकारच्या प्रथिनांच्या शेकडो प्रतींनी बनलेलं, आठ सारख्या भागांचं अवाढव्य बांधकाम असतं आणि आपल्या एका पेशीत अशी हजारो असतात. मधली जागा पण मोकळी नसते, तिथे प्रथिनांच्या सैल शेपट्यांचा शेवयांसारखा गुंता असतो. पाणी, क्षार, एटीपी (पेशीचं ऊर्जा पुरवणारं छोटं रेणू) आणि साधारण ४० किलोडाल्टनपर्यंतची (किलोडाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) प्रथिनं त्यातून झिरपतात, त्याहून मोठं काही असेल तर अडतं आणि मग त्याला वाहक लागतो, म्हणजे असं प्रथिन ज्याला त्या शेपट्यांना क्षणभर चिकटून लगेच सुटता येतं.

बाहेर नेणाऱ्या वाहकांना एक्स्पोर्टिन म्हणतात, त्यातला सगळ्यात कामाचा सीआरएम१. ज्या प्रथिनांत ल्युसीन या अमिनो आम्लाने भरलेला एक छोटासा पट्टा असतो त्यांना तो ओळखतो. पण ओळखलं म्हणजे घट्ट धरलं असं नाही, त्यासाठी रॅन नावाचं तिसरं छोटं प्रथिन पाहिजे आणि त्याच्याजवळ जीटीपी, म्हणजे एटीपीसारखाच एक ऊर्जेचा रेणू, पाहिजे. आता खरी गंमत बघा. रॅनला जीटीपी देणारं आरसीसी१ हे प्रथिन क्रोमॅटिनला (डीएनए आणि त्याभोवतीच्या प्रथिनांना) चिकटून बसलेलं असतं, म्हणजे केंद्रकाच्या आतच, आणि त्या जीटीपीचं जीडीपी (त्यातला एक फॉस्फेट गळालेलं रूप) करायला लावणारं रॅनगॅप मात्र बाहेर पेशीद्रवात असतं. त्यामुळे आत रॅन-जीटीपी भरपूर आणि बाहेर जवळपास नाहीच. आत तिघं एकत्र येतात, गुंत्यातून इकडेतिकडे करत बाहेर पोचतात, तिथे जीटीपी तुटतो, पकड सुटते, प्रथिन बाहेर राहतं, वाहक रिकामा परत जातो आणि रॅनला एनटीएफ२ नावाचं दुसरं प्रथिन आत नेऊन सोडतं. बस, दिशा आली ती फक्त या आत-बाहेरच्या फरकातून. याचा पुरावा पण फार सुंदर आहे, १९९९ मध्ये मॅक्सन्स नाचुरी आणि कार्स्टन वाइस यांनी बाहेरच्या बाजूला मुद्दाम भरपूर रॅन-जीटीपी ठेवलं तर वाहतूक चक्क उलटी झाली! छिद्र तेच, वाहक तेच. मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात पटवून देणारा प्रयोग हाच.

टीआरएनए (प्रथिन बनवताना अमिनो आम्लं आणून देणारा आरएनए) आणि मायक्रोआरएनएची (जनुकांचं काम आवरणाऱ्या छोट्या आरएनएची) आधीची रूपं पण याच पद्धतीने जातात, त्यांचे एक्स्पोर्टिन वेगळे इतकंच. बहुतेक एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवायचा संदेश नेणारे आरएनए, मात्र रॅनच्या भानगडीत पडत नाहीत, त्यांना एनएक्सएफ१ नावाचा वाहक नेतो, आणि तोही स्प्लायसिंग (आरएनएतले नको ते तुकडे कापून उरलेले जोडणं) वगैरे तयारी होत आली की मगच नीट बसतो. बाहेरच्या तोंडाशी डीडीएक्स१९ हे एंझाइम एटीपी वापरून तो वाहक सोडवतं, म्हणजे इथेही खर्च सुटका करण्यावरच. २०१० मध्ये डेव्हिड ग्रुनवाल्ड आणि रॉबर्ट सिंगर यांनी उंदराच्या जिवंत पेशीत एकेका अॅक्टिन एमआरएनएचा प्रवास मोजला, सगळं मिळून साधारण १८० मिलिसेकंद, त्यातले मधली पोकळी पार करायला फक्त ५ ते २०, बाकीचा वेळ आत छिद्राला लागण्यात आणि बाहेर सुटण्यात जातो.

आणि हे सगळं आपल्याला कळलं त्यात एचआयव्हीचा मोठा हात आहे. या विषाणूला आपला अख्खा, स्प्लायसिंग न झालेला आरएनए बाहेर काढायचा असतो, पण पेशी असे आरएनए आत अडवून ठेवते. मग तो काय करतो, आधी नीट स्प्लायसिंग झालेला एक छोटा आरएनए नेहमीच्या वाटेने बाहेर पाठवतो, त्यापासून रेव्ह नावाचं प्रथिन बनतं, ते परत केंद्रकात शिरतं, त्या अख्ख्या आरएनएला एका ठरावीक जागी धरतं आणि दुसऱ्या टोकाने सीआरएम१ला पकडतं, म्हणजे एमआरएनएची वाट टाळून प्रथिनांच्या वाटेने बाहेर! तो ल्युसीनचा पट्टा १९९५ मध्ये पहिल्यांदा सापडला तो याच रेव्हमध्ये आणि त्याच सुमारास पीकेआय नावाच्या पेशीच्या स्वतःच्या प्रथिनात, आणि त्याला ओळखणारा सीआरएम१ आहे हे १९९७ मध्ये नक्की झालं.

औषधांशी पण याचा थेट संबंध आहे, कॅन्सरच्या पेशी पी५३ सारखी, गाठीची वाढ रोखणारी प्रथिनं सीआरएम१ वापरून केंद्रकाबाहेर घालवतात. लेप्टोमायसिन बी हा रेणू सीआरएम१ अडवतो, पण माणसांसाठी तो फार विषारी निघाला. नंतर त्याच जागेवर बसणारं सेलिनेक्सॉर आलं आणि २०१९ मध्ये अमेरिकेत मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरसाठी त्याला मंजुरी मिळाली.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट धरलेली आहे की बाहेर जायला छिद्र हीच एक वाट. बहुतेक सगळ्यांसाठी ते बरोबर आहे, पण हर्पीस विषाणूचं कवच सुमारे १२५ नॅनोमीटरचं, ते छिद्रात मावतच नाही, म्हणून ते केंद्रकाच्या आतल्या पटलात स्वतःला गुंडाळून घेतं, दोन पटलांच्या मधल्या जागेत येतं आणि मग ते आवरण बाहेरच्या पटलात मिसळून पेशीद्रवात उतरतं.