जहाज खाली उभं असताना कॅप्टन ऑग पहाटेपर्यंत का थांबले?

तुम्ही विचारलंय की १९५६ मध्ये पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीचं विमान प्रशांत महासागरात उतरलं तेव्हा अमेरिकेच्या तटरक्षक दलाचं जहाज रात्रीच त्याच्या खाली होतं, मग वैमानिकाने लगेच का नाही उतरवलं? दोनच इंजिनांवर पहाटेपर्यंत घिरट्या घालण्याचा धोका कशाला घेतला? आणि सगळे वाचले हे शेवटी नशीबच ना, असंही तुम्ही म्हटलंय. नशिबाचा भाग नव्हता असं मी म्हणणार नाही. समुद्र त्या दिवशी शांत होता. पण बाकी जे जुळून आलं ते माणसांनी जुळवून आणलं होतं, आणि त्याचं श्रेय त्यांना मिळायलाच हवं.

विमान होतं चार इंजिनांचं बोइंग स्ट्रॅटोक्रूझर, नाव 'सॉव्हरिन ऑफ द स्काइज'. जगप्रदक्षिणेच्या सेवेचा हा शेवटचा टप्पा, होनोलुलू ते सॅन फ्रान्सिस्को. १५ ऑक्टोबरच्या रात्री ते निघालं तेव्हा आत २४ प्रवासी आणि ७ कर्मचारी होते. निम्मी वाट सरल्यावर २१,००० फुटांवर पोचून शक्ती कमी करायला घेतली आणि १ नंबरच्या इंजिनाचा वेग हाताबाहेर गेला.

इथे जरा थांबतो, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. पंख्याचं इंजिन बिघडलं तर पाती वळवून त्यांची कड वाऱ्यासमोर आणायची असते. वैमानिक याला फेदर करणं म्हणतात. धावत्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा वाऱ्यासमोर धरला की हात मागे ढकलला जातो, आडवा केला की वारा सहज निघून जातो, तसंच हे. १ नंबरची पाती वळलीच नाहीत. तेल तोडून इंजिन बंद पाडलं, तरी पंखा वाऱ्यावर फिरतच राहिला आणि विमानाला मागे ओढत राहिला. वेग घटला, उंची जाऊ लागली. उरलेल्या तिघांवर जोर वाढवला तर ४ नंबरही पुरती शक्ती देईना आणि थोड्या वेळाने तेही बंद करावं लागलं. या विमानाच्या एकेका इंजिनात २८ सिलिंडर आणि ५६ स्पार्क प्लग असत. इतकी गुंतागुंत असलेलं यंत्र रात्रभर चालवणाऱ्या फ्लाइट इंजिनिअरबद्दल मला कायम आदर वाटत आलाय.

हिशेब केला तर एवढ्या ओढीसह उरलेलं इंधन सॅन फ्रान्सिस्कोला पुरत नव्हतं आणि मागे होनोलुलूलाही पुरत नव्हतं. तेव्हा कॅप्टन रिचर्ड ऑग यांनी 'पाँटचार्ट्रेन' या जहाजाकडे मोहरा वळवला. जहाजाने अंधारात समुद्र उजळायला सुरुवात केली: आकाशात प्रकाशगोळे, पाण्यावर दिव्यांची रांग. लगेच उतरावं लागलं असतं तरी तयारी होती. पण २,००० फुटांवर दोन इंजिनांनी विमान पेललं, आणि इथेच ऑग यांनी थांबायचं ठरवलं.

उजेडात लाटांची दिशा दिसते. सपाट पाण्यावर उंचीचा अंदाज दिवसासुद्धा फसवा असतो, रात्री तर विचारायलाच नको. शिवाय जळणाऱ्या प्रत्येक लिटरबरोबर विमान हलकं होतं, म्हणजे कमी वेगाने टेकता येतं, आणि रिकाम्या टाक्या तरंगायला मदत करतात. तिसरं कारण मला सर्वात महत्त्वाचं वाटतं: वाचलेल्या माणसांना पाण्यातून काढणाऱ्या होड्यांना दिसायला हवं. उलट्या पारड्यात एकच गोष्ट होती, उरलेल्या दोनपैकी एखादं इंजिन बंद पडलं तर निवड हातात राहणार नाही. ती चालत होती तोवर थांबणं शहाणपणाचं होतं.

त्या वेळेचा वापरही नीट झाला. मार्च १९५५ मध्ये पॅन अ‍ॅमचंच दुसरं स्ट्रॅटोक्रूझर ओरेगॉनच्या किनाऱ्याबाहेर समुद्रात उतरलं होतं आणि त्याची शेपटी तुटली होती. त्यात २३ पैकी ४ जण दगावले. ऑग यांना ते आठवत होतं, म्हणून त्यांनी मागच्या भागातली सगळी माणसं पुढे आणून बसवायला सांगितलं. सकाळी जहाजाने पाण्यावर फेसाचा पट्टा आखून दिला. ६:१५ वाजता चाकं आत, फ्लॅप (वेग कमी ठेवायला मदत करणाऱ्या पंखांमागच्या झडपा) पूर्ण खाली, वेग सुमारे ९० नॉट्स (ताशी साधारण १६५ किमी), असं विमान टेकलं. एक पंख लाटेला लागला, विमान गर्रकन फिरलं, नाक फुटलं आणि शेपटी तुटलीच. एक तराफा नीट फुगला नाही, पण जहाजाच्या होड्या पोचल्या होत्या. वीस मिनिटांत विमान बुडालं. ३१ पैकी ३१ माणसं बाहेर होती, त्यात लहान मुलंही. मालकक्षातले कॅनरी पक्षी मात्र गेले.

आता हेच अंधारात आणि जहाजाशिवाय झालं तर काय होतं, ते सप्टेंबर १९६२ मध्ये अटलांटिकवर दिसलं. फ्लाइंग टायगर या कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन विमान रात्री खवळलेल्या समुद्रात उतरलं. ७६ जणांपैकी बरेच जण विमानातून बाहेर पडले होते, पण २५ जणांसाठीच्या एका तराफ्यावर ५१ जण कोंबले गेले. 'सेलेरिना' हे स्विस मालवाहू जहाज येईपर्यंत तास गेले आणि ४८ वाचले. त्या वैमानिकाचं कौशल्य कमी होतं असं मला अजिबात वाटत नाही. त्याच्याकडे थांबायला जागाच नव्हती.

आपल्याकडच्या 'काश्मीर प्रिन्सेस'ला तर काही मिनिटंच मिळाली. ११ एप्रिल १९५५, आशिया-आफ्रिकेतल्या देशांच्या बांडुंग परिषदेसाठी हाँगकाँगहून जाकार्ताला निघालेलं एअर इंडियाचं विमान, आत ठेवलेला बॉम्ब, पेटलेला पंख. कॅप्टन जटार यांनी नातुना बेटांजवळ ते पाण्यापर्यंत आणलं, कर्मचाऱ्यांनी तेवढ्यात प्रवाशांना लाइफ जॅकेट दिली. १९ पैकी ३ वाचले, त्यात देखभाल अभियंता अनंत कर्णिक होते. वैमानिकाचं धैर्य मोजायचं असेल तर मी ऑग आणि जटार या दोघांनाही एकाच रांगेत धरतो.

राहिला प्रश्न जहाजाचा. 'पाँटचार्ट्रेन' योगायोगाने तिथून जात नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर देशांनी मिळून महासागरांत ठरावीक जागी जहाजं उभी ठेवली होती: हवामानाची नोंद, विमानांना दिशा आणि संकटात सुटका, याच कामांसाठी. होनोलुलू आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मधल्या ठाण्याचं नाव 'नोव्हेंबर'. ऑक्टोबर १९४७ मध्ये अटलांटिकवरच्या 'चार्ली' ठाण्याजवळ 'बर्म्युडा स्काय क्वीन' ही उडती बोट (म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान) वादळात उतरली, तेव्हा 'बिब' जहाजाने तिच्यातल्या सर्व ६९ जणांना वाचवलं होतं. ही ठाणी खर्चिक होती आणि बहुतेक दिवस तिथे काही घडत नसे. जेट विमानं आणि उपग्रह आल्यावर १९७० च्या दशकात अमेरिकेने ती बंद केली. आता दोन इंजिनांच्या विमानाला समुद्रावरून जायचं तर एक इंजिन बंद पडलं तरी ठरलेल्या वेळेत विमानतळ गाठता येईल असाच मार्ग आखावा लागतो, त्याला ईटॉप्स म्हणतात. हवं असेल तर त्याबद्दल वेगळं सविस्तर लिहीन.