सिम्युलेशनमध्ये सेल आयडी बिनचूक येतो, रेडिओवर चुकतो. सिंक सिग्नलचा सीक्वेन्स बदलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ५जीच्या धर्तीवर १२७ लांबीचे पीएसएस आणि एसएसएस (रिसीव्हर ज्यांवरून सेलची वेळ आणि आयडी ओळखतो ते पहिला आणि दुसरा सिंक सिग्नल) बांधले आहेत, सिम्युलेशन छान चालतं, पण खऱ्या रेडिओवर कधी सेल सापडत नाही, तर कधी भलताच आयडी येतो. तेव्हा एम-सीक्वेन्स (±१ ची ठरावीक मालिका) काढून एलटीईसारखा (४जी) झडॉफ-चू (फेज बदलत जाणारी मालिका) घालावा का?

मी घालणार नाही. दोष बहुधा सीक्वेन्सचा नाही; तो क्रिस्टलचा (रेडिओला फ्रीक्वेन्सी आणि घड्याळ देणारा) आणि थ्रेशोल्डचा (‘सेल सापडला’ म्हणण्याची मर्यादा) आहे.

२ गिगाहर्ट्झवर १० पीपीएमची (दहा लाखांत १०) चूक म्हणजे २० किलोहर्ट्झ. सबकॅरियर (सिग्नलचे अरुंद फ्रीक्वेन्सी-पट्टे) १५ किलोहर्ट्झचे असतील तर सिम्बॉल ६६.७ मायक्रोसेकंदांचा. तेवढ्या वेळात ७.५ किलोहर्ट्झचा ऑफसेट (फ्रीक्वेन्सीतली चूक) फेज अर्धा फेरा फिरवतो आणि कोरिलेशनचं (अपेक्षित सीक्वेन्सशी जुळणीचं) शिखर ३.९ डीबीने खाली येतं. १५ किलोहर्ट्झला ते शून्य होतं, २० ला सुमारे १४ डीबी खाली. सिम्युलेशनमध्ये ऑफसेट शून्य ठेवला असेल तर यातलं काहीच दिसणार नाही. म्हणून ०, ±७.५ आणि ±१५ किलोहर्ट्झ असे पाच बिन (गृहीत धरलेले ऑफसेट) ठेवून प्रत्येकात शोधा. बिनमध्ये उरलेल्या ऑफसेटची झळ बहुतेक जागी १ डीबीच्या आत राहते. शिखर मिळालं की पीएसएसचे दोन अर्धे वेगवेगळे कोरिलेट करून त्यांच्यातला फेजफरक काढा, उरलेला ऑफसेट त्यातून दुरुस्त होतो.

झडॉफ-चूचं इथेच बिनसतं. ऑफसेट आला तरी त्याचं शिखर बऱ्यापैकी उंच राहतं, पण भलत्या क्षणावर सरकतं, आणि रिसीव्हर आत्मविश्वासाने चुकीची वेळ धरतो. ५जीतले तीन पीएसएस हे एकाच एम-सीक्वेन्सचे फ्रीक्वेन्सीत ०, ४३ आणि ८६ ने फिरवलेले अवतार आहेत. ऑफसेटमुळे एक दुसऱ्यासारखा दिसायला किमान ४१ सबकॅरियर, म्हणजे ६१५ किलोहर्ट्झ सरकावं लागेल. इतका वाईट क्रिस्टल कुणी लावत नाही. (झडॉफ-चूच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी: एलटीईतले २९ आणि ३४ हे रूट एकमेकांचे कॉन्जुगेट असल्याने दोघांचे गुणाकार एकातच उरकतात.)

आता सॅम्पलिंग. १.९२ मेगाहर्ट्झमध्ये १२७ सबकॅरियर मावतात खरे, पण वेळ अर्ध्या सॅम्पलने चुकली की पुन्हा तेच ३.९ डीबी जातात. ३.८४ घ्या.

थ्रेशोल्ड अंदाजाने लावू नका. २० मिलिसेकंदांच्या खिडकीत ३.८४ मेगाहर्ट्झने ७६,८०० क्षण, गुणिले ३ पीएसएस, गुणिले ५ बिन: ११ लाख ५२ हजार चाचण्या. संपूर्ण शोधात खोटा गजर १ टक्क्यावर ठेवायचा, तर एका चाचणीला साधारण १०⁻⁸ परवडतं. त्यासाठी कोरिलेशनची पॉवर सरासरी नॉइजच्या १८.६ पट, म्हणजे १२.७ डीबी वर हवी. १२७ लांबीचा गेन २१ डीबी. −६ डीबी एसएनआरला (सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर) हाती १५ उरतात. म्हणजे फक्त सव्वादोन डीबीची जागा, आणि फेडिंग (सिग्नलचा चढउतार) ती सहज गिळतं. कोरिलेशन त्या खिडकीतल्या मिळालेल्या ऊर्जेने भागायला विसरू नका, नाहीतर एजीसी (रिसीव्हरचा आपोआप बदलणारा गेन) हलला की थ्रेशोल्डही हलतो. (ओळख दोन टप्प्यांत, आधी ३ पीएसएस आणि मग ३३६ एसएसएस, का, याचं उत्तरही याच हिशेबात आहे: १००८ आयडी सरळ शोधले तर ३८ कोटींहून जास्त चाचण्या होतात.)

एका बर्स्टने (दर २० मिलिसेकंदांनी येणारा सिंक सिग्नल) भागत नसेल तर चार बर्स्टची पॉवर बेरीज करा. इथे एक खड्डा आहे: पहिल्या आणि चौथ्या बर्स्टमध्ये ६० मिलिसेकंदांचं अंतर, आणि १० पीपीएमने तेवढ्यात घड्याळ ०.६ मायक्रोसेकंद, म्हणजे २.३ सॅम्पल घसरतं. सरळ बेरीज केली तर शिखर पसरतं. पण सॅम्पलिंगचं घड्याळ आणि कॅरियर एकाच क्रिस्टलवर चालत असतील, तर प्रत्येक ऑफसेट-बिनची घसरण आधीच ठाऊक असते. बिननुसार सॅम्पल सरकवून मग बेरीज करा.

भलता आयडी येण्याचं मुख्य कारण वेगळं. पीएसएसवरून चॅनल (वाटेत सिग्नलमध्ये झालेला बदल) काढून एसएसएस कोहेरंट (फेज धरून) ओळखत असाल, आणि शेजारच्या सेलचाही पीएसएस तोच असेल (आयडीला ३ ने भागून उरलेली बाकी सारखी), तर वेळ जुळलेल्या टीडीडी (एकाच फ्रीक्वेन्सीवर आलटूनपालटून पाठवणं-घेणं) नेटवर्कमध्ये मिळणारा चॅनल दोन चॅनलची बेरीज असतो. त्यावर सोडवलेला एसएसएस बिघडणारच. अशा जागी एसएसएस लहान तुकड्यांत नॉन-कोहेरंट जुळवा, आणि ३३६ उमेदवारांतला पहिला दुसऱ्यापेक्षा ठळक वर नसेल तर निकाल देऊच नका. आयडी वाटताना शेजाऱ्यांची ३ ची बाकी वेगळी ठेवा. ५जीत ४ ची बाकीही पाहा, पीबीसीएचच्या (सेलची मूळ माहिती देणारा चॅनल) डीएमआरएसची (त्यातला संदर्भ सिग्नल) जागा तिच्यावर ठरते. शेवटची खात्री पीबीसीएचच्या २४ बिटांच्या सीआरसीने (चूक पकडणारे तपासणी-बिट) करा.

आणि काहीही बदलण्याआधी अँटेना काढून, तिच्या जागी ५० ओमचा लोड लावून रिसीव्हर तासभर चालू ठेवा. तेव्हाही ‘सेल’ १ टक्क्याहून जास्त शोधांत सापडत असतील, तर थ्रेशोल्डच्या हिशेबात किंवा नॉर्मलायझेशनमध्ये चूक आहे.