पीसीओएस आणि थायरॉईड: सुरुवात कुठून करावी

ताई, पीसीओएस (अंडाशयांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) आणि मंद थायरॉईड ही दोन्ही निदाने एकदम हाती आली म्हणून घाबरू नका. मी अनेक वर्षे ह्याच वाटेवर आहे आणि सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळाव्या लागतात. थायरॉईड मंद असला तरीही पाळी अनियमित होते, म्हणून पीसीओएसचे निदान पक्के करण्याआधी टीएसएच (थायरॉईडचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे रक्तातले संप्रेरक) तपासणे आवश्यक असते. पीसीओएससोबत अनेकदा येणाऱ्या इन्सुलिन प्रतिरोधात, म्हणजे पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत तेव्हा, शरीर जास्त इन्सुलिन सोडून उपाशीपोटीची साखर बराच काळ सामान्य राखते. त्यामुळे केवळ तो आकडा पाहून निश्चिंत होऊ नका आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांनी होणाऱ्या चाचणीविषयी डॉक्टरांना विचारा. मानेमागची काळवंडलेली, मखमली त्वचा मी कितीतरी दिवस घासत बसले होते. तो मळ नव्हता, इन्सुलिन प्रतिरोधाचीच खूण होती.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- थायरॉईडची गोळी चहा-पावाबरोबर घेणे. सकाळी पोदेराचा (गोव्यातल्या पाववाल्याचा) भोंपू वाजला की गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि पाव अर्ध्या ते एका तासाने खा.
- लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्या जोडीने घेणे. मध्ये चार तास जाऊ द्यावेत.
- टीएसएच सुधारताच गोळी स्वतःहून बंद करणे.

भात सोडू नका. उकड्या तांदळाचा मोजका भात, सोबत हुमण (माशाची आमटी) आणि भरपूर भाजी, आणि जेवणानंतर थोडे चालणे, एवढे सध्या पुरे. मेटफॉर्मिन (इन्सुलिन प्रतिरोधावरचे औषध) दिले असेल तर ते जेवणासोबतच घ्या, पोट कमी बिघडते.