पिशवी काढली की सुटेन का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी फोंड्याची, वय ३२, लग्नाला ४ वर्षं झाली, मूल नाही. पाळीत दुखणं कॉलेजपासूनचं, पण आता त्या दिवसांत शौचाला बसलं की आतून सुरी फिरवल्यासारखं होतं, पणजीला जाताना कदंब बसमध्ये मागची सीट मिळाली तर प्रत्येक गतिरोधकाला डोळ्यांत पाणी. संबंधाच्या वेळीही दुखतं, हे नवऱ्याशिवाय कुणाला बोलले नाही. एमआरआयमध्ये चॉकलेट सिस्ट (अंडाशयात साचलेल्या जुन्या रक्ताचा फुगा) आणि गुदाशयाला चिकटलेलं डीप एंडोमेट्रिओसिस आलंय. सासूबाई म्हणतात पिशवी काढून टाक, सुटशील. काय करू?

उत्तर : सासूबाईंना तुमचं दुखणं बघवत नाही म्हणून त्या तसं म्हणतात, पण तुमचा आजार पिशवीच्या बाहेर बसलाय. पिशवीच्या अस्तरासारखा थर पोटाच्या आतल्या पडद्याखाली ५ मिलिमीटरपेक्षा खोल गेला की त्याला डीप म्हणतात, आणि तुमचा तर थेट गुदाशयापर्यंत पोचलाय, शौचाला दुखतं ते त्यामुळेच. नुसती पिशवी काढून ती गाठ तिथेच राहिली तर दुखणंही राहू शकतं, वर मूल होण्याचा रस्ता बंद.

डायनोजेस्ट या हार्मोनच्या २ मिलिग्रॅमच्या गोळीने दुखणं बऱ्याच जणींचं कमी होतं, पण ती चालू असताना दिवस राहायची वाट बघण्यात अर्थ नाही.

ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. गाठ आतड्याच्या वरवरच असेल तर खरवडून काढतात, थोडी आत शिरली असेल तर तेवढी गोल चकती कापून टाके घालतात, आणि मोठी असेल तर आतड्याचा तुकडाच काढून दोन टोकं जोडतात. या शेवटच्यात जोड गळण्याची भीती असते, म्हणून कधी काही आठवडे पोटावर पिशवी लावावी लागते (ही शौचाची हं, सासूबाईंना आधीच सांगून ठेवा!). त्यामुळे आतड्याचा सर्जन टेबलावर हजर असणार का, हे आधी विचारा, अर्धवट ऑपरेशन करून पुन्हा पोट उघडायला लागणं सगळ्यात वाईट.

अजून दोन गोष्टी. दोन्ही किडन्यांची सोनोग्राफी झालीय का? या आजारात मूत्रनलिका कधी कधी अगदी गुपचूप आवळली जाते, दुखत काहीच नाही आणि किडनी सुजत जाते. दुसरं, सिस्ट काढताना अंडाशयातली चांगली बीजंही थोडी जातात, म्हणून एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी) आधी करा आणि वंध्यत्वाच्या डॉक्टरांशी ऑपरेशनच्या आधी बोला, नंतर नव्हे.

जाताना एमआरआयची सीडी न्या, नुसत्या रिपोर्टाच्या कागदावर सर्जनला गाठ किती खोल ते नीट कळत नाही.