नर पिल्लं मारून वोल्बाकिया जिवाणूला काय मिळतं? आणि नर संपले तर जातच बुडणार नाही का?

मी प्राणिशास्त्र शिकवते आणि हा माझा सगळ्यात लाडका विषय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वोल्बाकिया कीटकांच्या पेशीत राहतो आणि पुढच्या पिढीत जातो तो आईच्या अंड्यातून. शुक्राणूतून त्याला वाट नाही. म्हणजे नराच्या अंगातला वोल्बाकिया त्या नराबरोबरच संपणार. तो नर जगला काय, मेला काय, जिवाणूला सारखंच. उलट भाऊ अंड्यातच मेले तर बहिणींच्या वाट्याला खाणं जास्त येतं, आणि त्या बहिणींच्या अंगात तोच जिवाणू असतो.

आता जात बुडण्याबद्दल. 'मोठा चांदवा' फुलपाखराचा नर तुम्ही पावसाळ्यात पाहिला असेल: काळे पंख, त्यांवर जांभळट निळी झाक असलेले मोठे पांढरे ठिपके, झुडपावरची एकच जागा धरून बसतो आणि जवळ येईल त्याला हुसकावतो. हीच जात प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवरही आहे. २००१ साली तिथे शंभरात जेमतेम एक नर उरला होता. पानावरच्या अंड्यांपैकी निम्मी फुटतच नसत, ती मुलग्यांची. पुष्कळ माद्यांना जोडीदार मिळत नसे. तरी जात तगून होती, कारण एकेक नर अनेक माद्यांना पुरतो.

मग २००६पर्यंत, जेमतेम दहा पिढ्यांत, सामोआतल्या उपोलू बेटावर नर चाळीस टक्क्यांच्या आसपास पोचले. वोल्बाकिया गेला नव्हता. त्याची नर मारण्याची ताकद दाबणारं जनुक फुलपाखरांत पसरलं होतं.

इतक्या लवकर कसं? इथे कागद-पेन्सिल घ्याच. प्रत्येक पिल्लाला बाप एकच. ९९ माद्या आणि १ नर असेल, तर सगळी पिल्लं त्या एकाचीच, म्हणजे सरासरी मादीच्या ९९ पट. ज्या मुलग्याला आईकडून किंवा बापाकडून हे जनुक मिळतं, तो वाचतो, आणि एकेक वाचलेला मुलगा ते जनुक ढिगाने वाटत सुटतो. नर जितके दुर्मिळ, तितकं हे जनुक मोलाचं. पहिल्यांदा हे गणित उलगडलं तेव्हा मला त्या रात्री झोप आली नव्हती.

वोल्बाकियाची ताकद गेली नव्हती, नुसती दाबली गेली होती, हे कशावरून? या फुलपाखरांचा हे जनुक नसलेल्या फुलपाखरांशी पिढ्यान्‌पिढ्या संकर केला, तेव्हा नर पुन्हा मरू लागले. आणि वाचलेल्या नरांच्या अंगातला वोल्बाकियाही स्वस्थ बसत नाही: असा नर वोल्बाकिया नसलेल्या मादीशी जुळला, तर तिची अंडी फुटत नाहीत. वोल्बाकिया असलेल्या मादीची मात्र फुटतात.