गच्चीवरून मोजलेले 43 तारे आणि न दिसणारे बाकीचे

ताई, तुमच्या लेकीने इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या गच्चीवरून 43 तारे मोजले, हे वाचून मजा वाटली. तिचे प्रश्न दोन: एकूण तारे किती, आणि ते सगळे आपल्या सूर्यासारखेच का? एकांनी तिला "पृथ्वीवरच्या वाळूच्या कणांइतके" असं उत्तर दिलंय. पण वाळू तरी कुणी मोजलीये?

आधी तिच्या 43 बद्दल. चांगल्या अंधारात नुसत्या डोळ्यांना दिसतील असे तारे साऱ्या आकाशात मिळून 9 हजारांच्या आसपास आहेत. त्यातले निम्मे कुठल्याही क्षणी क्षितिजाखाली, पायाखालच्या बाजूला. क्षितिजालगतच्या धुरकटपणात आणखी काही जातात, म्हणजे उरतात दोन-तीन हजार. इंदूरच्या उजेडात त्यातले पन्नास-शंभर दिसले तरी खूप. पोरीने नीट मोजलंय.

आता खरी गंमत. मी दर हिवाळ्यात एकदा तरी इंदूरजवळच्या जानापाव टेकडीवर जातो. रात्री टेकडीवरून खाली बघितलं की हायवेवरचे हायमास्ट, कारखान्यांचे दिवे लख्ख दिसतात. घराघरातला झिरोचा बल्ब मात्र एकही दिसत नाही. आता हायमास्ट मोजून कुणी म्हणालं की "माळव्यात दिवे म्हणजे हेच", तर आपण हसू. ताऱ्यांच्या बाबतीत माणसाने हजारो वर्षं नेमकं हेच केलं. आपल्याला दिसतात ते बहुतेक हायमास्ट. झिरोचे बल्ब म्हणजे लाल खुजे तारे. आकाशगंगेतल्या दर चार ताऱ्यांमागे साधारण तीन या जातीचे, आणि नुसत्या डोळ्यांना त्यातला एकही दिसत नाही. सूर्य सोडला तर आपला सर्वात जवळचा तारा प्रॉक्झिमा, अवघ्या 4.24 प्रकाशवर्षांवर. तोही याच जातीचा, आणि तो सापडला 1915 साली, दुर्बिणीतून!

एकूण आकडा डळमळीत आहे तो मुख्यतः या लाल खुज्यांमुळे. आकाशगंगेतले तारे कुणी एकेक करून मोजत नाही. गाया या युरोपीय यानाने जवळपास 180 कोटी ताऱ्यांची नोंद केली, तरी ते फार तर अर्धा ते दोन टक्केच. मग पोत्यातल्या ज्वारीचे दाणे काढतात तसा हिशेब करायचा: पोतं वजन करा, एका दाण्याचं सरासरी वजन काढा, भागाकार करा. तारे आणि वायू किती वेगाने फिरतात यावरून आकाशगंगेचं वजन कळतं. त्यातून अदृश्य कृष्णद्रव्याचा मोठा वाटा वजा करायचा, वायूचाही करायचा आणि उरलेल्याला भागायचं. पण दाण्याचं सरासरी वजन ठरतं बारीक दाणे किती यावर, आणि नीट दिसत नाहीत ते तेच. म्हणून उत्तर 10 हजार कोटी ते 40 हजार कोटी असं ऐसपैस येतं. साऱ्या दृश्य विश्वासाठी एकावर बावीस ते चोवीस शून्यं म्हणतात. एवढा शंभर पटींचा फरक बघून मला पूर्वी राग यायचा, आता प्रामाणिकपणा वाटतो.

दुसरा प्रश्न लेकीला गच्चीवरच दाखवा. जानेवारीत रात्री नऊ-दहाला दक्षिणेकडे तोंड करून उभं राहा. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण सापडला की त्याच्या वर डावीकडे काक्षी, खाली उजवीकडे राजन्य. साधी द्विनेत्री (बायनॉक्युलर) असेल तर फोकस मुद्दाम थोडा बिघडवा. तारा पसरून गोल ठिपका होतो आणि रंग लगेच कळतो: काक्षी नारिंगी, राजन्य निळसर पांढरा. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल होतं, जास्त तापलं की पांढरं, तोच नियम इथे. काक्षीचा पृष्ठभाग साधारण साडेतीन हजार केल्व्हिन (तापमानाचं एकक), सूर्याचा 5,800, राजन्यचा 12 हजारांच्या घरात. माल मात्र सगळीकडे बहुतांशी हायड्रोजन आणि हेलियमच. ताऱ्यांचे वर्णपट, म्हणजे त्यांचा प्रकाश फाकवून मिळणारे रंगांचे पट्टे, वेगळे दिसतात ते मुख्यतः तापमानामुळे, हे आपले भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या 1920 च्या समीकरणातून उलगडलं. ते आधीच ठाऊक असतं तर शाळेत मी वर्णपटांचे वर्ग पाठ करण्यात इतका वेळ घालवला नसता.

बाणाची रेघ खाली डावीकडे वाढवली की व्याध. त्याच्याजवळ एक श्वेत खुजा, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, आहे, आकार पृथ्वीएवढा आणि वजन सूर्याएवढं. तो द्विनेत्रीतून दिसणार नाही, उगाच शोधत बसू नका.

आणि एवढं तिला नक्की सांगा: राजन्यसारखे दांडगे तारे काही दशलक्ष वर्षांत जळून संपतात. लाल खुजे इतके काटकसरी की त्यांचं इंधन लाखो कोटी वर्षं पुरतं. विश्वाचं वय जेमतेम 1,380 कोटी वर्षं. त्यामुळे म्हातारपणाने विझलेला लाल खुजा अजून विश्वात एकही नाही.

गच्चीवर जाताना पाण्याच्या टाकीजवळचा दिवा बंद करा, दहा-पंधरा मिनिटं अंधारात थांबा आणि मोबाइल खालीच ठेवा. मग पुन्हा मोजायला लावा. किती झाले ते इथे कळवा.