भाऊ नुसता गाडी चालवायला आला होता

"आमच्या घराण्यातच आहे हो मॅडम. आईला शुगर, मामाला शुगर. मग मी भात सोडून काय होणार?"

छत्तीशीतली ताई, वजन ८१ किलो. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) शेजारी काटकुळा धाकटा भाऊ, मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला.

तिच्या मनात लठ्ठपणा आणि मधुमेह हे एकाच गाठोड्यात बांधून मिळालेले. तसं नसतं. वजनाशी नातं असलेलं एफटीओ जनुक २००७ मध्ये कळलं. युरोपातल्या त्या अभ्यासात, आई आणि वडील दोघांकडूनही त्याचा जोखमीचा प्रकार आलेल्यांचं वजन सरासरी जेमतेम ३ किलोंनी जास्त भरलं.

"तीनच?" ती जरा दुखावलीच. बाकीच्या किलोंचा हिशोब मुलांच्या ताटात उरलेलं संपवण्यापर्यंत गेला.

टीसीएफ७एल२ या जनुकाची तऱ्हा वेगळी. त्याचा जोर वजनावर नाही, स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटण्यावर. म्हणजे मधुमेहाची जोखीम बारीक माणसाकडेही येते.

आता मी भावाला उठवलं. ढगळ शर्ट वर करून बेंबीच्या रेषेत टेप लावली. ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना मर्यादा ९० ची. त्याला पटेना, तेव्हा पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांचा किस्सा सांगितला. २००४ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२!

रिपोर्ट आले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी ताईची ५.५ टक्के, भावाची ६.१. मधुमेहाच्या उंबरठ्यावर भाऊ. "इतकी वर्षं टोमणे मी खाल्ले," ताई म्हणाली.

भावाने लगेच जनुकांच्या चाचणीचं विचारलं. मी नको म्हटलं. आई-मामांची शुगर आणि ही टेप पुरेसं बोलतात. शिवाय अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि ७ टक्के वजन उतरवणं एवढं ध्येय ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, आणि टीसीएफ७एल२चा जोखमीचा प्रकार असलेल्यांनाही त्याचा गुण आला.

भात कुणाचाच सुटला नाही. वाटी बदलली, पुढ्यात आधी उसळ आली.

"आणि मी काय करू?" भावाने विचारलं.

"तू आधी शर्ट खोच," ताई म्हणाली. "पोट दिसू दे सगळ्यांना."